तळ्याच्या घरगुती फिल्टरसाठी वापरलेलं पिंप निवडताना काय बघायचं?

तळेकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या तळ्यासाठी फिल्टर स्वतःच बनवायचं ठरवलं आहे. तळं साधारण ३,००० लिटरचं. त्यात गोल्डफिश, भरपूर गोगलगायी आणि कमळाच्या कुंड्या. पंप आणि पाइप जमवून झाले, घोडं अडलंय ते पिंपापाशी. नवीन टाकी आणता येईल, पण इतकं जाड, धडधाकट प्लास्टिक एकदाच वापरून भंगारात जाताना बघवत नाही. म्हणून वापरलेलंच घ्यायचं मनात आहे.

सध्या समोर असलेले पर्याय असे. एक निळं २०० लिटरचं पिंप, पूर्ण झाकण निघणारं आणि कड्याने आवळून बसणारं. लेबल अर्धं फाटलेलं. काही पांढरे ५० लिटरचे कॅन, त्यांना किंचित गोडसर वास येतो. एक लोखंडी ड्रम, आतून पिवळसर लेप दिलेला. आणि ओळखीच्यांकडची पाण्याची जुनी प्लास्टिकची टाकी, वरच्या कडेला चीर गेलेली.

निळ्या पिंपाच्या बुडाला त्रिकोणात २ आकडा आहे. म्हणजे ते खाद्यपदार्थांसाठीचं, असं धरून चालू का? धुवायचं कशाने? आणि भोकं पाडून पाइप बसवल्यावर सिलिकॉनने गळती थांबेल ना?

शेवाळवाट

तळेकाठ, त्रिकोणातल्या आकड्यावर विसंबू नका. हे आकडे १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने सुरू केले, ते कचरा वेगळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रोपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं. प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे एवढंच त्यातून कळतं. त्यात दूध भरलं होतं की तणनाशक, हे तो आकडा सांगत नाही. दोन्ही एचडीपीईच्याच कॅनमध्ये येतं.

एचडीपीई आणि पॉलिप्रोपिलीन, म्हणजे २ आणि ५, फिल्टरसाठी उत्तमच. पण आपल्याला खरं शोधायचं असतं ते पिंपाचं मागचं आयुष्य. आत काय भरलं होतं हे खात्रीने कळलं तर पुढचं बोलायचं. कळलं नाही तर ते पिंप माती, वाळू, पालापाचोळा भरायला ठेवा. मासे असलेल्या पाण्याशी त्याची गाठ घालू नका. मी या बाबतीत कडक आहे आणि कडकच राहणार. माशाला त्या पाण्यातून उठून जाता येत नाही. जे विरघळलं असेल ते चोवीस तास त्याच्या कल्ल्यांतून जात राहतं.

पेला आणि काटा अशी खूण कुठे दिसते का तेही बघा. युरोपात अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंसाठी ती खूण वापरतात, तिथला सध्याचा नियम २००४ सालचा आहे. ती असली तर पिंप मुळात खाद्यपदार्थांसाठी बनलं होतं एवढं कळतं. पण मधल्या काळात कोणी त्यात दुसरं काही भरून ठेवलं असेल, तर ते ती खूण सांगणार नाही. म्हणून ज्याने ते पिंप रिकामं केलं, त्याच्यापर्यंत पोचता आलं तर सगळ्यात चांगलं.

रानजाई

माझा एक भाबडा प्रश्न. चांगलं खळखळून धुतलं तर काय राहणार आहे? शेतातले लोक औषधाचे कॅन तीनदा धुवून घेतात. तीनदा धुतलं की स्वच्छ, असं सगळेच धरून चालतात.

द्रावण

रानजाई, प्रश्न अजिबात भाबडा नाही, सगळा विषय तिथेच आहे. तीनदा धुण्याची पद्धत कॅन सुरक्षितपणे टाकून देता यावा म्हणून आहे. पुन्हा वापरण्यासाठी नाही. कीटकनाशकांचे रिकामे डबे दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात.

कारण असं. पॉलिइथिलीन (एचडीपीई त्याचीच एक जात) दिसायला काचेसारखं बंद वाटतं, पण तेलकट जातीची रसायनं त्याच्या भिंतीत हळूहळू मुरतात. धुताना निघतं ते फक्त पृष्ठभागावरचं. भिंतीत मुरलेलं नंतर आठवडे, महिने पाण्यात झिरपत राहतं, आणि पाणी कोमट असेल तर जास्त वेगाने. त्यामुळे माझा ठोकताळा सरळ आहे: आधीची वस्तू पाण्यात सहज विरघळणारी असेल तर ती पाण्याबरोबर जाते, तेलात विरघळणारी असेल तर ती प्लास्टिकमध्ये घर करते.

मीठ, साखर, सिरप, व्हिनेगर, फळांचा गर: निघून जातं. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं, रॉकेल, थिनर, इंजिन ऑइल, रंग, लाकडाला लावायची औषधं: निघत नाही, नादच सोडा. सायपरमेथ्रिनच्या कुळातली औषधं माशांना लिटरला मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मारक ठरतात. तुमच्या ३,००० लिटरच्या तळ्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम व्हायला एकूण ३ मिलिग्रॅम पुरे. एवढा ऐवज कॅनच्या भिंतीत किंवा बुचाच्या आट्यांमध्ये सहज राहतो.

आणखी एक. तीव्र द्रावकं भिंतीतून झिरपू नयेत म्हणून काही एचडीपीई कॅनना आतून फ्लोरिनची प्रक्रिया करतात. अशा कॅनमधून पीफास गटातली (फ्लोरिन असलेली, सहसा न विघटणारी) रसायनं आतल्या द्रवात उतरतात, हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ च्या सुमारास तपासून सांगितलं. बाहेरून बघून प्रक्रिया झाली आहे की नाही ते कळत नाही. शेतीची औषधं आणि द्रावकं यांचे कॅन पूर्णपणे बाद करायला हेही एक कारण.

तळेकाठ

मग पांढरे कॅन गेलेच म्हणायचे का? वास गोडसर आहे, जालीम असा नाही. फळांच्या अर्कासारखा काहीतरी.

द्रावण

वास सौम्य आहे म्हणजे वस्तू सौम्य, असं नसतं. उलट सगळं धुवूनही वास टिकून आहे याचाच अर्थ काहीतरी भिंतीत मुरलेलं आहे. सुगंधी अर्क आणि अत्तरी तेलं एचडीपीईत फार पक्की बसतात. लवंगेच्या तेलाचं उदाहरण घ्या. त्यातलं युजेनॉल माशांना बेशुद्ध करायला मुद्दाम वापरतात. मात्रा वाढली की मासा त्यातून उठत नाही. माणसाला सुवासिक वाटणारी वस्तू माशाच्या कल्ल्यांना कशी लागते, त्याचा आपल्या नाकाशी काही संबंध नाही.

वासाची पारख करायची असेल तर पिंप धुवून, वाळवून, तळाशी थोडं कोमट पाणी घालून झाकण बंद करा आणि दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण किंचित उघडून हाताने हवा नाकाकडे ओढून बघा. नाक पिंपात घालू नका. वास आला तर ते पिंप बाद. वास आला नाही तर त्यावरून पिंप पास होत नाही, एवढं लक्षात ठेवा. पुष्कळशा विषारी गोष्टींना वासच नसतो.

काठावरची

इतकं धास्तावून जायचं कारण नाही असं मला वाटतं. आमच्याकडे शांपूच्या पिंपाचा फिल्टर कधीपासून चालू आहे, मासे ठणठणीत आहेत. धुतलं, वाळवलं, लावलं.

शेवाळवाट

काठावरची ताई, शांपूचं पिंप धुतलं जातं हे मान्य. साबणाची जात पाण्याबरोबर जाणारी आहे. पण त्याला चिकाटी लागते. फेसाचा थोडासा अंशसुद्धा कल्ल्यांवरचा चिकट थर उतरवतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. माझी पद्धत सांगते. धुतलेल्या पिंपात चार बोटं पाणी घ्यायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी ते पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धं भरून जोरात हलवायचं. बाजूला तशाच बाटलीत साधं पाणी घेऊन तसंच हलवायचं. साध्या पाण्यातले बुडबुडे लगेच फुटतात. पिंपाच्या पाण्यावर कडेने बारीक फेसाची रेघ उरली तर पुन्हा धुवायचं. रेघ दिसेनाशी होईपर्यंत.

मात्र जंतुनाशक आणि साबण यांत फरक करा. फरशी पुसायची, भांडी निर्जंतुक करायची जी द्रावणं असतात, त्यांत पुष्कळदा बेंझाल्कोनियम क्लोराइडच्या गटातली द्रव्यं असतात. ती पृष्ठभागाला चिकटून राहतात, माशांना घातक असतात. शिवाय माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवायचे त्यांनाच ती मारतात. ओळखीतल्या एका ताईंना "साबणाचंच आहे" असं सांगून एक पिंप विकलं गेलं. महिने उलटले तरी त्यांचा फिल्टर सुरू होईना, अमोनिया खाली येईना. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेला लेबलचा तुकडा सापडला, तेव्हा कळलं की ते जंतुनाशक होतं. विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दापेक्षा लेबल महत्त्वाचं, ते याचसाठी.

काठावरची

फेसाची परीक्षा आजच करून बघते. जंतुनाशकाचं मला माहीत नव्हतं.

मालधक्का

पिंपांच्या वाहतुकीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पिंप कसं वाचायचं ते सांगतो. तळेकाठ, निळं पिंप आडवं करा आणि बुडाजवळ, अंगावर कोरलेली अक्षरं बघा. गोलात यूएन (संयुक्त राष्ट्रांची खूण) असं आणि पुढे १एच१ किंवा १एच२ असेल. १ म्हणजे ड्रम, एच म्हणजे प्लास्टिक; शेवटचा १ असेल तर तोंड बंद आणि फक्त बुचं, २ असेल तर पूर्ण झाकण निघणारं. तुमचं १एच२ निघायला हवं. कॅनवर ३एच१ असेल. त्यापुढचं एक्स, वाय किंवा झेड हे किती धोकादायक मालासाठी पिंप चाचणीत उतरलं त्याची पायरी सांगतं. एक्स सगळ्यात कडक.

ही खूण बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. धोकादायक मालासाठी पास झालेल्या पिंपात सिरपही भरलं जातं. बुडाला घड्याळासारखी एक वर्तुळाकार तबकडी कोरलेली असते, बाण महिन्यावर आणि मध्ये वर्ष. तिच्यावरून पिंपाचं वय कळतं. धोकादायक मालासाठी प्लास्टिकचा ड्रम किंवा कॅन बनल्यापासून ५ वर्षांपर्यंतच वापरायचा असा साधारण नियम आहे. त्यानंतर बरीचशी पिंपं भंगारात येतात. सांगायचं म्हणजे, पाच-सहा वर्षं जुनं पिंप बाजारात भेटलं तर त्यात काय वाहिलं गेलं असेल याचा नीट विचार करा.

लेबलावर लाल कडेचे चौकोन टोकावर उभे केलेले दिसतील. त्यांतलं एक चित्र तळेवाल्यांनी पाठच करून ठेवावं: वाळकं झाड आणि उताणा पडलेला मासा. पाण्यातल्या जीवांना घातक, असा त्याचा सरळ अर्थ. ते चित्र असलं की विषय संपला. कवटी, ज्वाला, छातीवर चांदणी असलेला माणूस, यांचंही तसंच. चार अंकी यूएन क्रमांक उरला असेल तर तोही कामाचा. १७९१ म्हणजे हायपोक्लोराइटचं द्रावण, ३०८२ म्हणजे पर्यावरणाला घातक द्रव.

तळेकाठ

मालधक्का काका, खूप खूप आभार. आत्ताच बॅटरी घेऊन बघून आले. निळं पिंप १एच२ आहे, झाकणावर पेला-काट्याची खूण आहे आणि फाटलेल्या लेबलावर साखरेच्या पाकाचा उल्लेख स्पष्ट वाचता येतो. झाकणाच्या रबरी कड्याखाली अजून चिकट आहे. पांढऱ्या कॅनपैकी एकावर, कडीच्या खाली, लाल चौकोनाचा अर्धा तुकडा राहिलाय. उताणा मासाच आहे तो. कॅन बाद.

शेवाळवाट

छान झालं! निळं पिंप घ्या. झाकणाचं रबरी कडं मात्र काढून वेगळं धुवा, रबर प्लास्टिकपेक्षा जास्त शोषतं. वास राहिला तर कडं टाकून द्या. फिल्टरला हवाबंद झाकण लागतही नाही, डास आणि पालापाचोळा अडला की झालं.

धुण्याचं सांगते. आधी नुसतं गरम पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश. तेलकटपणा असेल तर धुण्याचा सोडा, वासाचा साबण नको. जंतू मारायचे असतील तर साधं, सुगंध नसलेलं ब्लीच पाण्यात मिसळून फिरवा, भरपूर पाण्याने विसळा आणि उन्हात उघडं वाळू द्या. खात्री हवी असेल तर शेवटच्या पाण्यात सोडियम थायोसल्फेट घाला. माशांसाठी नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला तेच वापरतात. ब्लीच असताना व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल जवळ आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या द्रावणाशीही ते मिसळू नका. आणि धुतलेलं पाणी तळ्याच्या उताराकडे सोडू नका.

जोडनळी

गळतीकडे येतो. एचडीपीई आणि पॉलिप्रोपिलीनला सिलिकॉन धरत नाही. पहिल्या दिवशी छान दिसतं, नंतर नखाने सालासारखं सोलून निघतं. या प्लास्टिकचा पृष्ठभागच असा आहे की त्यावर कुठलाच साधा गोंद टिकत नाही. भोकाला होल सॉ (गोल भोक कापणारं ड्रिलचं पातं) वापरा, कड घासून गुळगुळीत करा आणि टँक निपल बसवा: आतून-बाहेरून चकती, मध्ये रबरी वॉशर, नट आवळला की काम झालं. सिलिकॉनची गरजच पडत नाही. दुसरीकडे कुठे लागलंच तर मत्स्यटाकीसाठीचं घ्या. न्हाणीघरासाठी मिळतं त्यात बुरशी येऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असतं, आणि ते पाण्यात उतरतं.

निपल बसवायची जागा सपाट बघा. पिंपाच्या अंगावर जिथे कडं किंवा फुगवटा आहे तिथे वॉशर नीट टेकत नाही आणि कायम पाझर राहतो. पाणी आत येण्यासाठी जेवढा पाइप, त्याहून परतीचा पाइप जाड ठेवा. परतीचं पाणी नुसत्या उताराने जातं. परतीवर कॉक लावू नका, चुकून बंद राहिला तर पंप अख्खं तळं पिंपावरून जमिनीवर ओतेल. कॉक फक्त तळाशी, गाळ काढायला. २०० लिटरचं पिंप भरलं की पाण्याचंच वजन २०० किलो, वर मीडिया, म्हणजे जिवाणू बसायला आत भरलेला माल. खालची जागा ठोकून सपाट केलेली हवी.

चौकोनी डबे वापरणाऱ्यांना एक सूचना. कपडे ठेवायचे पातळ खोके पाणी भरलं की पोटासारखे फुगतात आणि काही महिन्यांत कोपऱ्यात तडकतात. गोल आकार पाण्याचा दाब सगळीकडे सारखा घेतो. १,००० लिटरची पिंजऱ्यातली टाकी चौकोनी असूनही टिकते, ती बाहेरच्या लोखंडी पिंजऱ्यामुळे. म्हणून तो पिंजरा कापू नका.

तळेकाठ

टाकीची चीर वरच्या बाजूला आहे. तेवढा भाग कापून खालचा वापरता येईल का? दुसरा टप्पा करायला उपयोगी पडेल.

जोडनळी

चीर का गेली त्यावर आहे. काही आदळून गेली असेल तर कापून वापरा, पाण्याची टाकी म्हटल्यावर इतिहास स्वच्छच आहे. पण उन्हाने गेली असेल तर एकामागून एक चिरा येत राहतील. अंगठ्याने चोळून बघा, पांढरी भुकटी हाताला लागते का. कापलेल्या भागाची एक पट्टी वाकवून बघा. चिवटपणे वाकली तर ठीक. कडकन मोडली किंवा वाकल्या जागी पांढऱ्या रेघा आल्या तर सोडून द्या. कुठलंही पिंप सावलीत ठेवलं तर पुष्कळ जास्त टिकतं, आणि आत उजेड जात नसेल तर शेवाळही होत नाही. अर्धपारदर्शक पांढऱ्या पिंपाला बाहेरून काहीतरी गुंडाळावं लागतं.

मालधक्का

लोखंडी ड्रमचं कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. त्याला ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही लावू नका. लोखंडी ड्रममध्ये बहुधा तेल, द्रावक, रंग असलंच काहीतरी येतं. रिकामा दिसणारा ड्रम भरलेल्यापेक्षा धोकादायक असतो, कारण तळाशी राहिलेल्या दोन चमच्यांची वाफ आतल्या हवेत मिसळून स्फोटक होते आणि कापताना उडालेली एक ठिणगी पुरते. असे अपघात झाले आहेत, माणसं गेली आहेत. तो तसाच परत द्या.

द्रावण

आणि फिल्टर म्हणूनही तो नकोच. आतला पिवळा लेप भोक पाडलं की तिथून सुटतो आणि गंज सुरू होतो. लोखंडाचा गंज एकवेळ चालेल. खरी काळजी जस्त आणि तांब्याची. जस्ताचा मुलामा दिलेले टब, पितळी जोड, तांब्याच्या नळ्या, यांतून धातू पाण्यात उतरतो. पाणी मृदू आणि आम्लतेकडे झुकलेलं असेल तर जास्तच. माशांच्या आधी गोगलगायी आणि झिंग्यांना तांबं बाधतं. गोगलगायी मारायची काही औषधंच तांब्याची असतात. तुमच्याकडे गोगलगायी आहेत म्हटल्यावर निपल, कॉक सगळं प्लास्टिकचंच घ्या.

रानजाई

लाकडी अर्धी पिंपं फार देखणी दिसतात. ती चालतील?

शेवाळवाट

दारूची असतील तर बरेच दिवस पाणी बदलत भिजवून चालतात. पाणी चहासारखं तांबूस होतं, त्याने मासे मरत नाहीत. हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं लाकूड नको. जुन्या प्रक्रियेत त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असायचं. टायरचंही कुणी सुचवतं. ते तर नकोच. टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून तयार होणाऱ्या ६पीपीडी-क्विनोनने कोहो सॅमन मासे मरतात, हे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं.

पाणवठा

सगळं वाचतोय. एवढं करूनही मनात शंका राहिली तर मासे सोडायच्या आधी तपासायचा काही मार्ग आहे का? एखादा स्वस्तातला मासा सोडून बघतात, ते मला पटत नाही.

द्रावण

मलाही पटत नाही, आणि गरजही नाही. मासा तगला तरी फार काही सिद्ध होत नाही. त्याहून नाजूक साक्षीदार आहेत. पिंप काठोकाठ भरून आठवडाभर उन्हात ठेवा. त्यातलं पाणी एका बरणीत घ्या, दुसऱ्या बरणीत तळ्याचं पाणी. दोन्हींत सारख्या संख्येने डॅफ्निया (पाण्यातले बारीक, उड्या मारत पोहणारे जीव) सोडा. प्रयोगशाळेत विषारीपणा मोजायची डॅफ्नियावरची प्रमाणित चाचणी ४८ तासांची असते, तुम्हीही दोन दिवस बघा. तळ्याच्या पाण्यात ते उड्या मारत फिरताहेत आणि पिंपाच्या पाण्यात तळाशी बसलेत, तर उत्तर मिळालं. डॅफ्निया नसतील तर डासांच्या अळ्याही चालतात. बरणीला जाळी बांधा आणि चाचणी संपली की पाणी मातीत ओता.

तणनाशकाची शंका असेल तर त्या पाण्यावर एखादं लवकर रुजणारं बी रुजवून बघा. मुळं आखूड, वाकडी, टोकाला तपकिरी झाली तर पाणी बरं नाही. दोन्ही चाचण्या करा, कारण कीटकनाशक बियाला सहसा काही करत नाही आणि तणनाशक डॅफ्नियाला चुकवून जाऊ शकतं.

पण ही चाचणी चांगल्या इतिहासाच्या पिंपावर शेवटचा हात फिरवण्यासाठी आहे. वाईट इतिहासाचं पिंप हिच्या जोरावर पास करू नका. मुरलेलं रसायन पुढच्या उन्हाळ्यातही बाहेर येऊ शकतं.

पाणवठा

हे फार छान. आतला मीडियाही जुन्या वस्तूंचा करता येईल का? बाटल्यांची झाकणं साठवून ठेवली आहेत.

शेवाळवाट

झाकणं उत्तम. पाण्याच्या बाटल्यांची, एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनची. आतला चिकटवलेला पातळ थर असेल तर काढून टाका. शेडनेटचे गुंडाळे, कडक पीव्हीसी पाइपचे तुकडे, हेही चालतं. गादीचा, सोफ्याचा फोम नको. आग लागू नये म्हणून त्यात रसायनं मिसळलेली असू शकतात. घासणी घ्यायची तर साबण नसलेली, आणि तारेची नको. संगमरवराच्या चिपा टाळा, पीएच वर जातो, आणि पीएच वर गेला की तोच अमोनिया माशांना जास्त जाचतो.

तुमच्या मापाला, तळेकाठ, ३,००० लिटर पाणी दोन तासांत एकदा फिरलं तरी पुरे, म्हणजे पंपाचा ताशी १,५०० लिटरचा प्रत्यक्ष प्रवाह. पाणी तळातून आत, वरून बाहेर. आधी गाळ बसायला जागा, मग जाळी, मग झाकणं. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे कमी आणि खाणं त्याहून कमी. मीडिया धुवायचा तो तळ्यातल्याच पाण्यात. नळाच्या क्लोरीनने जमलेली वस्ती मरते.

तळेकाठ

पाइप उद्या बसवते. वीज गेली आणि पंप बरेच तास बंद राहिला तर पिंपातल्या जिवाणूंचं काय होतं?

द्रावण

ते गुदमरतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उलगडायला त्यांना साधारण ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि बंद पिंपातल्या उभ्या पाण्यात तो लवकर संपतो. मग दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पंप खूप वेळ बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी तळाचा कॉक उघडून पिंपातलं सगळं पाणी झाडांना सोडा, मगच पंप लावा. बॅटरीवरचा छोटा हवापंप असेल तर त्याचा दगड पिंपात सोडून ठेवता येतो.

मालधक्का

तळेकाठ, जाता जाता त्या पांढऱ्या कॅनचं. ते तसेच भंगारात देऊ नका. पुढे कोणीतरी त्यात प्यायचं पाणी भरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हातमोजे घालून लेबलाचा फोटो काढा, झाकणं घट्ट लावा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर लेबल दाखवूनच द्या. तोवर त्यांवर मोठ्या अक्षरांत "विषारी" लिहून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

तळेकाठ

लिहिलं. कुलपात ठेवलेत.